मुकाद्याचा मागचा पाय

चांगुणाबाईने बांधलेली मोळी गाडीवर चढवताना कधी सुटली नाही. तिच्या मोळ्या मी बरीच वर्षं डोक्यावर वाहिल्या, म्हणून सांगतो. ऊस बांधायला वेगळा दोर नसतो. उसाच्या हिरव्या शेंड्याचाच पीळ करायचा, मोळीखालून सरकवायचा, गुडघा रोवायचा आणि आवळायचा. घाई करणारा अर्धाच पीळ देतो. मग फळीवरून चढताना मोळी फुटते आणि ऊस वाहणाऱ्याच्या अंगावर येतो. चांगुणाबाईचा पीळ पहाटेच्या पहिल्या मोळीला जसा, तसाच दिवस मावळतानाच्या शेवटच्या मोळीला.

आमचं गाव गंगाखेडच्या डोंगरपट्ट्यात. दिवाळी झाली की निम्मं गाव ऊस तोडायला सांगलीकडे जातं आणि पाडव्याच्या आगेमागे परत येतं. नवरा-बायकोच्या जोडीला आमच्यात एक कोयता म्हणतात. चांगुणाबाई आणि मुंजाजी हा एक कोयता. मी आणि माझी दैवशाला हा दुसरा. उसाच्या फडाच्या कडेला पाचटाच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडायच्या, त्यात आमच्या दोन कोप्या कायम शेजारी. आता माझा खांदा वर जात नाही. मी काम सोडलं. घराच्या ओट्यावर बसतो आणि समोर चांगुणाबाईचा ओटा आहे, तो बघतो.

मुकाद्या हे तिचं कुत्रं. एका हंगामात फड मोकळा झाल्यावर पाचट ओढताना खाली पिल्लू निघालं. आई कुठे दिसेना. चांगुणाबाईने ते ओच्यात घातलं.

मुंजाजी म्हणाला, "आपल्यालाच पुरंना, अन् ह्याला कुठून घालतीस?"

"माज्यातलं घालते. तुमच्यातलं मागितलं का?"

कुत्रं मोठं झालं. पहाटे कोप्याकोप्यांतून फिरून सगळ्यांना उठवायचं. माणसं उसात शिरली की बांधावर बसून बघायचं. स्वतः काडीचं काम करायचं नाही. म्हणून मुंजाजीने नाव ठेवलं मुकाद्या. टोळीच्या खऱ्या मुकादमाला हे कळलं तेव्हा आम्हाला वाटलं, आता चिडतो. तो म्हणाला, "माजं काही म्हणणं न्हाई. फक्त त्याला माज्यापेक्षा जास्त कालवण वाढू नका."

पण ते काडीचं काम करत नव्हतं, हे आमचं आपलं बोलणं. कोपीला दार नसतं. बाया फडात गेल्या की आत लेकरं झोपलेली असायची आणि तोंडाशी मुकाद्या आडवा. परका माणूस लांबूनच वळायचा.

तेव्हा टायरच्या बैलगाड्या होत्या. गाडी भरली की मुकाद्या तिच्या खाली, आसाच्या सावलीत चालायचा. बैल चालले की चालायचा, थांबले की बसायचा. फड ते कारखाना आणि कारखाना ते फड, डांबरी रस्त्याने. कारखान्यापुढे गाड्यांची रांग लागायची. मळीचा वास, बैलांच्या घुंगरांचा आवाज, तीन दगडांवर चांगुणाबाईची भाकरी आणि चाकाजवळ अंगाचं वेटोळं करून मुकाद्या. मुंजाजी बैलांना उसाचं वाढं टाकत कुणाची तरी नक्कल करायचा आणि रांगेतले लोक पुढे सरकायचं विसरून हसत बसायचे. आजही मळीचा वास आला की मला ती रांग आठवते. थकलेली होती माणसं, पण त्या रांगेत जितकं हसलो तितकं नंतर कुठे हसलो नाही.

मुंजाजी तापाने गेला. चांगुणाबाईने बैल विकले. मुलगा परमेश्वर आणि सून ज्ञानेश्वरी यांच्या कोयत्यात ती मोळ्या बांधायला जाऊ लागली. गाड्या गेल्या, ट्रॅक्टर आले. निघायच्या दिवशी ट्रॉलीत भांडी, गोधड्या, शेळ्या, माणसं चढली की शेवटी मुकाद्या. चार पावलं मागे यायचा, पळत यायचा आणि कमरेएवढी उंच उडी मारून आत. सगळी ट्रॉली ओरडायची.

गेल्या वर्षी पोळ्याच्या आधी मला तो वेगळा दिसला. उठताना पुढचे पाय टेकायचा आणि मागचं अंग ओढून घ्यायचा. बसताना उजवा मागचा पाय बाजूला टाकायचा. मारुतीच्या देवळापुढे फरशी आहे, तिथे त्याचे मागचे पाय फाकायचे. पळताना ससा उडतो तसे दोन्ही मागचे पाय एकदम उचलायचा. उजवा गुडघा चाटून चाटून तिथले केस गेले होते. छाती तेवढीच भरलेली, मांड्या मात्र वाळलेल्या. मागची नखं वाढलेली, कारण ती जमिनीला घासतच नव्हती.

"वैनी, मुकाद्या लंगडायलाय," मी म्हणालो.

"लंगडत न्हाई. झोपंतून उठलाय. होतंय मोकळं थोड्या वेळानं."

आणि व्हायचंही. ऊन वर आलं की तो बराच सरळ चालायचा. आम्हा तोडकऱ्यांना हे पटण्यासारखंच होतं. हंगामाच्या सुरुवातीला पहाटे बोटं कोयत्याभोवती मिटत नाहीत. तसाच कोयता धरायचा, दोन-चार वाफे तोडायचे, की बोटं सुटतात. अंग आखडलं तर काम करायचं, हाच आमच्याकडचा इलाज. चांगुणाबाईने तोच मुकाद्याला लावला. जळण आणायला त्याला रोज डोंगरावर न्यायला लागली. संध्याकाळी त्याला उठता येईना. दुसऱ्या दिवशी ती त्याला आणखी वर न्यायची.

शेजारचा लिंबाजी म्हातारा येऊन सांगून गेला, "चांगुणा, मागच्या फऱ्याला, मांडीवर डाग दे. बैलाला देतेत तसा. सळई मी तापवतो."

"आधी तुमच्या कंबरंला द्या. गुण आला तर सांगा."

लिंबाजी परत आला नाही.

मग परमेश्वरने विषय काढला. त्यांच्या अंगणात चहा चालला होता, मीही होतो.

"माय, औंदा मुकाद्याला न्यायचं न्हाई. त्याला चढवायलाच दोन माणसं लागतेल."

"शेवटच्या साली तुज्या बापाला मी एकलीनं चढवलं व्हतं."

"बापाचं येगळं."

"मुकाद्या येत न्हाई तर मी पण येत न्हाई."

"अन् मोळ्या कोण बांधणार? हिच्या मोळ्या फुटतेत."

आतून ज्ञानेश्वरीचा आवाज आला. "फुटतेत तर तुमी बांधा की! हात काय मामंजीसंगं पाठवून दिलेत का?"

परमेश्वर हसला, पण मागे हटला नाही. "बरं माय. त्याच्या पायानं चढला तर नेऊ. माज्या हातानं मी चढवणार न्हाई. तितं लंगडं कुत्रं कोण सांभाळणार? तू फडात असणार."

बोलणं खोटं नव्हतं. कुत्रं सोडून जायचं किंवा तीस-पस्तीस वर्षांचं काम सोडून राहायचं, असे दोनच रस्ते चांगुणाबाईपुढे होते. तिने तिसरा काढला.

आमच्या टोळीत प्रत्येकाच्या गाठोड्यात अंगदुखीच्या गोळ्यांची पट्टी असते. मेडिकलमध्ये नाव सांगावं लागत नाही, पट्टीचा रंग सांगितला तरी मिळते. चांगुणाबाईचे गुडघे कधीचे गेले होते. तिची पट्टी पदराच्या गाठीत असायची. घट बसले त्या दिवसापासून ती त्याच पट्टीतली गोळी गुळात दाबून मुकाद्याला द्यायला लागली. हे मला नंतर कळलं. तिचा विचार सरळ होता. आपल्याला चालते ती त्याला का चालू नये? त्यानेही आपल्याइतकाच ऊस पाहिला आहे.

मुकाद्या सुधारला. दसऱ्याला तर तो रस्त्यावरून एका उडीत ओट्यावर गेला. डुकराच्या मागे पार वेशीपर्यंत पळाला. परमेश्वर स्वतः म्हणाला, "घ्या, आमचे मुकादम कामावर रुजू झाले." चांगुणाबाई सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्याने हसली. मुंजाजी गेल्यावर ती तशी हसलेली मी पाहिली नव्हती.

दसरा होऊन एक-दोन दिवस झाले असतील. सकाळी ती माझ्या ओट्यापाशी येऊन उभी राहिली.

"भावजी, चला. मुकाद्या गूळ खाईना."

मुकाद्या भिंतीला टेकून पडला होता. पुढे उलटी, मळीसारखी काळसर. शेण पडावं तशी विष्ठा, डांबराच्या रंगाची. ओठ वर केला तर हिरड्या पांढऱ्या.

आम्ही त्याला पोत्यावर घेतला. पोत्यावर माणूस किंवा जनावर उचलायचं तर दोघांनी एकदम उचलायचं आणि दोघांनी एकच पाऊल टाकायचं. नाहीतर ओझं मधे हिंदकळतं. चांगुणाबाईला हे सांगावं लागलं नाही. फाट्यावर काळी-पिवळी उभी होती.

ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, कुत्र्याचं पण शीट लागंल."

"माज्या मांडीवर हाय. मांडीचं शीट लागतंय का?"

ड्रायव्हरने मुकाद्याकडे पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि गाडी भरायची वाट न बघता काढली.

गंगाखेडच्या जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरबाई होत्या. त्यांनी आधी हिरड्या पाहिल्या, पोट दाबलं आणि विचारलं, "काय खायला दिलं?"

"भाकर. ताक."

"औषध काही?"

चांगुणाबाईने पदराची गाठ सोडली आणि पट्टी टेबलावर ठेवली.

"ही कोणाची?"

"माजी."

"याला कधीपासून देताय?"

"घट बसल्यापून. रोज. आधी अर्धी दिली. लंगडायला लागला की अख्खी."

डॉक्टरबाई ओरडल्या नाहीत. त्या सलाईन लावत लावत बोलल्या. "आजी, ही माणसाची गोळी आहे. कुत्र्याला पचत नाही. पोटात जखमा होतात, मूत्रपिंडं निकामी होतात. याला आतून रक्त चाललंय."

"पर पाय बरा झाला व्हता की ओ. उड्या मारायला लागला व्हता."

"पाय बरा नव्हता झाला. दुखायचं थांबलं होतं. दुखलं असतं तर त्याने उड्या मारल्या नसत्या."

चांगुणाबाई भिंतीला टेकून खाली बसली. तिने विचारलं, "वाचंल का?"

"आज नाही सांगता येत. उलटी थांबली आणि लघवी नीट झाली तर सांगेन."

ती गावाकडे आली नाही. दवाखान्याच्या व्हरांड्यात राहिली. मी जीपने जाऊन-येऊन भाकरी पोचवत होतो. भाकरी तशीच फडक्यात राहायची. तिला मी एकदाच विचारलं, घरी काही निरोप सांगू का. ती म्हणाली, "माज्या हातानं घातली ओ भावजी. गुळात घातली. तो माज्याकडं बघून खायचा."

उलटी थांबली. मुकाद्या पाणी प्यायला. नंतर पातळ भात चाटला. तो उभा राहिला तेव्हा डॉक्टरबाईंनी पाय बघायला घेतला. आधी त्यांनी त्याला हात लावला नाही. दवाखान्यापुढे चालवला आणि मागून पाहिलं, मग बाजूने पाहिलं. मग दोन्ही मांड्या दोन हातांत धरून जाडी पाहिली. उजवा पाय हळू मागे नेला तेव्हा मुकाद्याने मान वळवली आणि त्यांचं मनगट तोंडात धरलं. चावला नाही, फक्त धरून ठेवलं. त्यांनीही हात ओढला नाही. घाईने हात लावणारी बाई नव्हती ती. मला तिचं काम पटलं.

"संधिवात आहे," त्या म्हणाल्या. "सांध्यातली मऊ गादी झिजली. दोन्ही मागचे, उजवा जास्त. परभणीला एक्स-रे काढून घ्या, म्हणजे नक्की कळेल."

"बरा कदी होईल?"

"जाणार नाही तो. सांभाळायचा. नीट सांभाळलात तर बरेच दिवस सुखाने चालेल. पहिलं म्हणजे याचं वजन उतरवा."

"ह्याचं वजन? तोडकऱ्याचं कुत्रं हाय ओ ते, पैलवान हाय का?"

"बरगडी हाताला लागत नाही आजी. लावून बघा."

चांगुणाबाईने हात लावून पाहिला. लागली नाही. तिने गुन्हेगाराकडे पाहावं तसं माझ्याकडे पाहिलं, जशी सगळी भाकरी मीच घातली होती.

"रोज चालवायचा, पण थोडा. सपाटीवर. एक दिवस डोंगर आणि दुसऱ्या दिवशी पडून, असं करायचं नाही. झोपायला मऊ आणि गरम. थंडीत जास्त दुखेल. दुखण्यावर कुत्र्यांचं वेगळं औषध असतं, ते पोटातल्या जखमा पूर्ण भरून आल्यावर, रक्त तपासून मी देईन. माझ्याशिवाय कोणाचं काही द्यायचं नाही. आणि उडी बंद."

"ओट्यावरची?"

"कुठलीच नाही."

"ट्रॉलीतली?"

"ती तर मुळीच नाही."

परतीच्या जीपमध्ये मुकाद्या पुन्हा तिच्या मांडीवर होता.

दिवाळीपर्यंत तिने जे केलं ते मी समोरून पाहिलं. पोत्यात सोयाबीनचं भुसकट भरून गादी केली आणि ती दारामागे, वाऱ्याच्या आड टाकली. वीट तापवून फडक्यात गुंडाळायची, आधी स्वतःच्या गालाला लावायची आणि मग त्याच्या फऱ्याला. मुकाद्याचे डोळे मिटायचे. नखं कापून आणली. गल्लीत प्रत्येक घरातून त्याला तुकडा पडायचा, तर ती घरोघर सांगून आली, "ज्यानं टाकलं त्याच्या दारात मी जेवायला बसंन. रोज."

ओट्याला उतार मी केला. मुरूम टाकला, पाणी मारलं, चोपला. पहिला उतार फार उभा झाला. मुकाद्याने त्यावर एक पाय ठेवला आणि मागे घेतला. मी तो मोडला आणि पाऊलभर लांब नेला. काम चुकलं की मोडावं, वरून लिंपू नये. दुसऱ्या खेपेला तो चढला, मध्ये थांबला आणि वर जाऊन आडवा झाला.

ज्ञानेश्वरी दारातून बघत होती. "आत्याबाई, मामंजीच्या कंबरंला कदी एवढा शेक दिला न्हाई तुमी."

"त्यांनी कदी सांगितलं न्हाई," चांगुणाबाई म्हणाली. वीट फिरवून तिने दुसरी बाजू लावली. "हा बी सांगत न्हाई. पर मला आता बगायला यायलंय."

दिवाळी झाली आणि ट्रॉली आली. मुकाद्याला तिचा आवाज वेशीबाहेरूनच कळला. तो उतारावरून खाली आला. भांडी चढली, गोधड्या चढल्या, शेळ्या चढल्या. तो मागच्या बाजूला उभा राहून बघत होता. त्याची पाळी यायची होती. मग तो चार पावलं मागे गेला.

सगळे थांबले. परमेश्वर वर उभा होता, त्याच्या हातातलं गाठोडं हातातच राहिलं. मला वाटलं, मारतो हा उडी. अंग गोळा करताना त्याचा उजवा पाय थरथरत होता, तरी त्याने अंग गोळा केलं.

चांगुणाबाई मधे आली आणि खाली धुळीत बसली. तिने त्याला छातीशी धरलं. "न्हाई," ती म्हणाली. "न्हाई राजा."

परमेश्वर खाली उतरला. "माय, सर. मी उचलतो त्याला. मी बोललो ते जाऊ दे. तू बस वर."

"उचलून नेशील रं. तितं? मी फडात निघाले की हा मागं येणार. मी चालले तर हा चालणार. मी थांबले तरच थांबतोय हा."

"मग काय म्हणणं हाय तुजं?"

"मी थांबते."

ट्रॅक्टरवाल्याने हॉर्न दिला. ज्ञानेश्वरीने वरून हाक मारली, "चढा की ओ! ऐकणार हायत का त्या? मोळ्यांचं बघते मी, फुटल्या तर माज्या डोक्यावर फुटतेल." परमेश्वर आईच्या पाया पडला, मुकाद्याच्या डोक्यावर हात ठेवून उभा राहिला आणि चढला. ट्रॉली वळणाआड जाईपर्यंत मुकाद्या ओढ घेत होता. तिने हात सोडले नाहीत.

लग्न होऊन आल्यापासून चांगुणाबाईने हिवाळ्यातलं गाव पाहिलं नव्हतं. तूर वाळलेली पाहिली नव्हती. संक्रांत तिची कायम फडात. मकरसंक्रांतीला ती सुगडं घेऊन बायांत निघाली तर कोणाच्या दारात आधी जातात हे तिला ठाऊक नव्हतं. दैवशालाने सांगितलं. ज्वारी हुरड्यावर आली तेव्हा तिघं-चौघं म्हातारी शेकोटीभोवती बसलो. ती म्हणाली, "हे सगळं असंच व्हायचं का दरसाल? आपुन नसताना?" असंच व्हायचं. मग मुंजाजीच्या नकला निघाल्या. मी एक करायला गेलो, जमली नाही. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या भावजी. त्याला तोंड लागतंय."

मुकाद्याचं वजन उतरलं. डॉक्टरबाईंनी औषध दिलं, ते ती खाणं झाल्यावरच देते आणि त्या दिवशी त्याच्या विष्ठेचा रंग बघते. तिची स्वतःची पट्टी आता पदराला नसते. गुडघे दुखतात. दुखतात म्हणून ती आता सांगते, पूर्वी सांगत नसे. एवढं चालणारी बाई, गाडीच्या पुढे चालणारी. आता मुकाद्याच्या पावलाने चालते. तो थांबला की थांबते. कोणी रस्त्यात हसलं तर म्हणते, "घाई हाय तर पुढं व्हा."

थंडी कडक पडली तेव्हा एका सकाळी तो उठला नाही. पुढचे पाय टेकले आणि परत खाली बसला. मला वाटलं, आता ती ओढून उठवते. ती त्याच्याजवळ बसली. हात लावला नाही, हाक मारली नाही. ऊन ओट्यावर चढून त्याच्या पाठीपर्यंत यायला बराच वेळ लागला. ती बसून राहिली. मग मुकाद्याने पुढचे पाय ताणले, मागचं अंग गोळा केलं आणि उभा राहिला. उताराने सावकाश खाली आला.

"चला येता का भावजी," चांगुणाबाई म्हणाली. "वढ्यापतोर जाऊ. पुढं न्हाई."

मी चप्पल घातली. आम्ही तिघं ओढ्यापर्यंत गेलो. मुकाद्याने पाण्याचा वास घेतला आणि पलीकडे पाहिलं. पलीकडे डोंगराची वाट होती. आम्ही परत फिरलो.